टाट्रा ट्रकचा कणा कोणी बनवला? हान्स लेडविंकाची गोष्ट

मी निघोजेचा. आमच्या इथल्या महिंद्राच्या प्लांटमधून स्कॉर्पिओ-एन बाहेर पडते, त्यामुळे 'लॅडर फ्रेम' हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. लॅडर म्हणजे शिडी. दोन लांब पोलादी दांडे, मधे आडवे तुकडे, वर बॉडी. पण २६ जानेवारीच्या परेडमध्ये पिनाका रॉकेटं घेऊन जाणारा टाट्रा ट्रक बघितलाय ना? त्याचा मुख्य आधार शिडी नाही, एक जाड नळी आहे.

ही नळी आणली हान्स लेडविंकाने. जन्म १८७८, व्हिएन्नाजवळचा. १८९७ मध्ये तो आजच्या चेक देशातल्या एका रेल्वे डबे बनवणाऱ्या कारखान्यात लागला. हाच कारखाना पुढे 'टाट्रा' झाला. मधे तो दुसरीकडे गेला, १९२१ मध्ये परतला आणि १९२३ मध्ये टाट्रा ११ ही छोटी कार आली. गंमत बघा, सैन्याच्या अवजड ट्रकचं मूळ एका साध्या कारमध्ये आहे!

आता ही नळी करते काय? शिडीच्या ट्रकचं एक चाक खड्ड्यात गेलं की सगळी फ्रेम पिळवटते. वर रॉकेट लाँचर असेल तर त्यालाही पीळ बसतो. नळी सहसा पिळवटत नाही. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा शाफ्ट तिच्या आतून फिरतो, म्हणून त्याला दगड-चिखल लागत नाही. डावं-उजवं चाक आपापल्या अर्ध्या अ‍ॅक्सलवर वेगवेगळं वर-खाली होतं. जास्त चाकं हवीत? नळीला आणखी एक तुकडा जोडायचा. तोटाही आहे: ट्रक रिकामा असला की चाकं खालून आत झुकलेली दिसतात.

१९३८ मध्ये जर्मनीने तो भाग व्यापला आणि कारखाना जर्मन सैन्यासाठी राबू लागला. १९४२ चा टाट्रा १११ ट्रक त्याच काळातला. युद्ध संपल्यावर शत्रूला साथ दिल्याच्या आरोपावरून लेडविंका तुरुंगात गेला, तो १९५१ मध्ये सुटला. म्हणजे त्याचे ट्रक रस्त्यावर आणि तो आत! टाट्रात तो परत गेलाच नाही. १९६७ मध्ये म्युनिकला वारला. मला विचाराल तर इंजिनिअर म्हणून तो पोर्शेच्या तोडीचा होता, पण नाव किती जणांना माहीत आहे?

भारतात बीईएमएल या सरकारी कंपनीने १९८६ मध्ये टाट्राशी करार केला. स्टिअरिंग मात्र डावीकडेच राहिलं, आपल्या रस्त्यांवर! २०१२ मध्ये खरेदीवरून मोठा वाद झाला आणि पर्यायांचा शोध वाढला. तोफ ओढणाऱ्या ट्रकला सैन्यात 'ट्रॅक्टर' म्हणतात (शेतातला नव्हे). त्या कामासाठी अशोक लेलँडचे सहा चाकांना ताकद देणारे, शिडीच्या चेसिसचे ट्रक आले. असे ट्रक आपल्याकडच्या मेकॅनिकच्या ओळखीचे, ही जमेची बाजू. पण टाट्रा पूर्ण गेला असं समजू नका. पिनाकाच्या २०२० च्या करारातही वाहनं बीईएमएलनेच द्यायची ठरली. हा पिनाका ज्या एआरडीईने विकसित केला, ती पुण्यात पाषाणला आहे, चाकणचं ट्रॅफिक नसेल तर आमच्यापासून तासाभरावर.

पुढच्या परेडला व्हिडिओ पॉज करा आणि मागच्या चाकांच्या मधे झूम करा. नळी दिसेल.