शिपायाला पदक, भावाला खुर्ची

व्हिक्टोरिया राणी म्हटलं की आपल्याला जुन्या रुपयावरचा चेहरा आठवतो. परक्या सत्तेची राणी, तिचं कौतुक कशाला, असंही कुणी म्हणेल. पण सैन्याच्या बाबतीत ती कशी वागली हे वाचताना मला ती एखाद्या कर्त्या बाईसारखीच वाटली, गुणदोषांसकट.

१८१९ मध्ये जन्मलेली ही मुलगी अठराव्या वर्षी गादीवर बसली, पुढे नऊ मुलांची आई झाली. क्रिमियाच्या युद्धातून जखमी होऊन आलेल्या शिपायांना तिने १८५५ मध्ये लंडनला स्वतःच्या हाताने पदकं दिली. साध्या शिपायाला राणीचा हात लागणं म्हणजे तेव्हा केवढी गोष्ट! पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाला. अधिकारी असो की शिपाई, बघायचं ते फक्त शौर्य. त्यावर शूरांसाठी असं कोरायचं घाटत होतं. राणीने ते बदलून शौर्यासाठी असं करायला लावलं. नाहीतर पदक न मिळालेले शूरच नव्हेत, असा अर्थ झाला असता! २६ जून १८५७ ला हाईड पार्कमध्ये तिने ६२ जणांच्या छातीवर हा क्रॉस लावला. त्याच वेळी आपल्याकडे सत्तावनचा उठाव पेटलेला होता. हिंदी शिपायांना मात्र हा मान १९११ पर्यंत खुला नव्हता.

जखमींची सेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी तिने १८८३ मध्ये रॉयल रेड क्रॉस हा सन्मान सुरू केला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल पहिल्या मानकऱ्यांपैकी एक.

मोठ्या जागांचं काय? अधिकारीपदं तेव्हा चक्क पैसे मोजून विकत मिळत. ही पद्धत मोडायला वरिष्ठांचं सभागृह आडवं आलं, तेव्हा १८७१ मध्ये मंत्र्यांच्या सल्ल्याने राणीच्या सहीच्या हुकमानेच ती बंद झाली. पण सरसेनापतीच्या खुर्चीवर १८५६ पासून तब्बल ३९ वर्षं तिचा चुलतभाऊ, ड्यूक ऑफ केंब्रिज. सुधारणांना त्याचा विरोध, तरी राणी त्याच्या पाठीशी. त्याच्यानंतर तिला तिथे आपला मुलगा आर्थर हवा होता. हा आर्थर १८८६ ते १८९० मुंबई इलाख्याच्या सैन्याचा प्रमुख होता. मंत्र्यांनी मात्र १८९५ मध्ये वुल्स्ली यांना नेमलं.

१९०१ मध्ये राणी गेली. बचत गटांच्या कामात मी नेहमी बघते, सत्काराचा नारळ द्यायला आपला हात मोकळा असतो. अध्यक्षपद द्यायची वेळ आली की जाऊ नाहीतर भाची आठवते. राणीला अडवायला निदान मंत्री तरी होते. आपलं आपल्यालाच थांबायला हवं, नाही का?