डार्विनच्या कुत्र्याचा उतरलेला चेहरा

१८३६ सालच्या ऑक्टोबरात सत्तावीस वर्षांचा एक तरुण पृथ्वीप्रदक्षिणा करून इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी वडिलांच्या घरी परतला. तिथल्या तबेल्यात त्याचा एक कुत्रा असे. स्वभावाने तिखट, परक्या माणसाला जवळ फिरकू न देणारा. त्याला आपली आठवण राहिली आहे का, हे तरुणाला मुद्दाम तपासायचे होते. म्हणून तबेल्याजवळ जाऊन त्याने फक्त पूर्वीसारखी हाक मारली. कुत्रा आला. त्याने ना उड्या मारल्या, ना गोंडा घोळला. धनी अर्ध्या तासापूर्वीच कुठेतरी जाऊन आला असावा, तसा तो निमूटपणे त्याच्या मागोमाग फिरायला निघाला आणि सांगेल ते ऐकू लागला. मधे गेलेला काळ होता पाच वर्षे आणि दोन दिवस.

तरुणाचे नाव चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीचा विषय निघाला की आपल्याला माकडे आठवतात, फार तर गालापागोस बेटांवरचे पक्षी. पण डार्विनने आयुष्यभर ज्याच्या सोबतीने दिवस काढले आणि ज्याच्याकडून तो सर्वांत जास्त शिकला असे म्हणता येईल, तो प्राणी कुत्रा.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा. वडील डॉक्टर, आजोबाही नावाजलेले डॉक्टर. आठ वर्षांचा असताना आई गेली. लहानपणापासून त्याला कुत्र्यांचा विलक्षण लळा होता. दुसऱ्यांची कुत्री धन्याला सोडून त्याच्या मागे लागत, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. एकदा मात्र केवळ आपल्या हातात सत्ता आहे या भावनेपोटी त्याने एका पिल्लाला मारले. मार फार लागला नसावा, कारण पिल्लू केकाटले नाही. घर जवळच असल्याने ते कोणालाही ऐकू गेले असते. तरीही ही गोष्ट त्याच्या मनाला इतकी लागून राहिली की म्हातारपणी आत्मचरित्र लिहितानाही ती नेमकी कुठे घडली ते त्याला आठवत होते.

या मुलाला शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणे याखेरीज कशातच रस नाही, हा घराण्याचे नाव घालवणार, असे वडील चिडून म्हणत. सोळाव्या वर्षी त्यांनी त्याला एडिंबरोला वैद्यकीच्या शिक्षणासाठी धाडले. तिथे त्याने दोन शस्त्रक्रिया पाहिल्या, त्यांतली एक लहान मुलावरची. क्लोरोफॉर्म यायला अजून वीस वर्षे होती. शस्त्रक्रिया पुरी व्हायच्या आत तो तिथून पळाला आणि पुन्हा कधीही त्या खोलीत गेला नाही. दोन वर्षांत वैद्यकी सुटली. वैद्यकशास्त्राने एक विद्यार्थी गमावला खरा. पण दुसऱ्याचे दुखणे पाहून कासावीस होणारे ते मन पुढे फार कामाला आले.

नंतर धर्मोपदेशक व्हायचे म्हणून केंब्रिजला गेला तो बहुतेक वेळ भुंगेरे गोळा करण्यात आणि कुत्र्यांना घेऊन शिकारीला जाण्यात रमला. तिथून थेट ‘बीगल’वर. गंमत म्हणजे बीगल हे एका शिकारी कुत्र्याच्या जातीचे नाव आहे.

या प्रवासात दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेमध्ये त्याने मेंढरे राखणारी कुत्री पाहिली. माणसांच्या वस्तीपासून मैलोन्‌मैल दूर, मोठा कळप आणि सोबत एक-दोन कुत्री. मेंढपाळाचा पत्ता नाही. तिथले लोक पिल्लाला अगदी लहानपणी आईपासून तोडत, मेंढीचे दूध पाजत, वाड्यात लोकरीचे अंथरूण करून देत आणि दुसऱ्या कुत्र्यांत मिसळू देत नसत. हा कुत्रा मांस घ्यायला घराकडे आला की घरची कुत्री त्याच्यावर तुटून पडत आणि तो शेपूट घालून पळे. पण कळपापाशी पोचताच तो वळून भुंकू लागे आणि पाठलाग करणारी सगळी टोळी माघारी धूम ठोके. कुत्रा तोच, भुंकणाराही तो एकटाच. मग घाबरायचे कशाला? डार्विनला वाटले की कळपातला कुत्रा मेंढरांनाच आपली टोळी मानत असावा, म्हणून त्याला बळ येते. आणि समोरच्यांनाही त्याच्या पाठीशी टोळी असल्याचा काहीसा भास होत असावा.

१८३९ मध्ये लग्न झाले आणि १८४२ मध्ये हे कुटुंब लंडनजवळच्या डाउन या खेड्यात राहायला गेले. डार्विनची प्रकृती तोवर ढासळली होती. उलट्या, धडधड, कमालीचा थकवा. त्याच्या आजाराचे निदान आजही वादाचे आहे. लांबचे प्रवास संपले. उरली ती अभ्यासिका, बाग, झाडांच्या प्रयोगांचे काचघर, घराजवळची फिरण्याची वाट आणि सोबतीला कुत्रा. या चार-दोन जागांतच त्याने पुढची चाळीस वर्षे काढली. आजारी माणूस घरातल्यांचे चेहरे बारकाईने वाचू लागतो, हे कोणत्याही वॉर्डात दिसते. डार्विन आपल्या तान्ह्या मुलांचे रडणे-हसणे वहीत टिपत असे, आणि कुत्र्यांचेही.

त्या काळी चार्ल्स बेल या नामांकित शल्यचिकित्सकाचे मत प्रमाण मानले जाई. माणसाच्या चेहऱ्यावरचे काही स्नायू केवळ भावना दाखवण्यासाठीच निर्माण झाले आहेत, प्राण्यांना असा खरा भावाविष्कार नाही, असे तो मानत असे. डार्विनला हे पटेना. धन्याला पाहिल्यावर कान पाडून, ओठ सैल सोडून, अंग वळवत, शेपूट हलवत येणारा कुत्रा प्रेम आणि नम्रता जितकी उघड दाखवतो तितकी माणसालाही दाखवता येत नाही, हे त्याचे उत्तर होते.

१८७२ मध्ये माणूस आणि प्राणी यांच्या भावनांच्या आविष्कारावरचे त्याचे पुस्तक निघाले. हा मजकूर आधी ‘डिसेंट ऑफ मॅन’मधले एक प्रकरण म्हणून योजला होता, पण तो वाढत गेला. प्रकाशकाने विक्रीला काढताच पाच हजारांवर प्रती उचलल्या गेल्या. त्यातली कुत्र्यांची चित्रे आजही पाहण्यासारखी आहेत. एका चित्रात कुत्रा अनोळखी प्राण्याकडे वैरभावाने निघाला आहे. चाल ताठ, डोके किंचित वर, शेपूट उभी आणि कडक, मानेवरचे व पाठीवरचे केस फुललेले, कान टवकारून पुढे, नजर रोखलेली. आता समजा, त्याच क्षणी त्याला कळले की समोरचा आपला धनीच आहे. पाहता पाहता सगळे उलटते. अंग खाली जाते, वळवळू लागते, शेपूट खाली येऊन हलू लागते, केस बसतात, कान मागे पडतात, ओठ लोंबतात.

पहिल्या पवित्र्याचा अर्थ लावणे सोपे आहे. ती हल्ल्याची तयारी आहे आणि त्यातली प्रत्येक गोष्ट त्या कामी येते. पण दुसऱ्यातल्या हालचालींचा कुत्र्याला थेट उपयोग काय? डार्विनचे म्हणणे असे की उपयोग काहीच नाही. मनातली भावना उलट झाली म्हणून शरीरही उलट दिशेने जाते, एवढेच. याला त्याने विरोधाचे तत्त्व म्हटले. आजचे शास्त्रज्ञ जरा वेगळे बोलतात. अशी उलटी मुद्रा समोरच्याला चटकन कळते, गैरसमजाला जागा राहत नाही, म्हणून ती टिकली, असे त्यांना वाटते. सवयी पुढच्या पिढीत वारशाने उतरतात यावर डार्विनने बराच भर दिला होता, तोही आता मानला जात नाही. निरीक्षण मात्र पक्के ठरले.

दवाखान्यातही त्याचा उपयोग आहे. कुत्रा चावलेल्या मुलाला घेऊन आलेले पालक पुष्कळदा सांगतात की तो तर शेपूट हलवत होता. पण शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खुशीत आहे, असे नव्हे. ताठ उभी, आखूड झटके देणारी शेपूट आणि त्याबरोबर घट्ट झालेले अंग व रोखलेली नजर हे डार्विनच्या पहिल्या चित्रातले कुत्रे आहे. एकट्या शेपटीकडे न पाहता सगळे अंग पाहायचे असते. लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो, त्यामुळे चावा तोंडावर, मानेवर बसतो, आणि अशा जागचा चावा रेबीजच्या दृष्टीने अधिक घातक. (चावा बसलाच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लसीसाठी रुग्णालय गाठावे. हळद, चुना, मिरची काही लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.) शेपटीचा अभ्यासही पुढे गेला आहे. धनी दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूला जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे, असे इटलीतल्या संशोधकांना २००७ मध्ये आढळले.

डार्विनच्या घरचा बॉब हा मोठा कुत्रा तर या पुस्तकातून अमर झाला. फिरायला निघाले की बॉब डोके वर करून, पावले उंच टाकत, ऐटीत पुढे चाले. थोड्या अंतरावर उजवीकडे काचघराची वाट फुटे. डार्विन बऱ्याचदा रोपे पाहायला तिकडे वळे, आणि मग फिरणे पुढे होणार की नाही याचा बॉबला भरवसा राहत नसे. धन्याचे अंग त्या वाटेकडे नुसते कलले की बॉबचे डोके खाली, अंग थोडे दबलेले, कान आणि शेपूट गळालेली, आणि तो जागच्या जागी उभा. हा त्याचा ‘काचघराचा चेहरा’ घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. डार्विन कधीकधी नुसती गंमत म्हणून, म्हणजे त्याच्या भाषेत प्रयोग म्हणून, तिकडे कलून पाही. या प्रसंगात कुत्रा बोलतो तसा तो वाचतोही आहे. माणसाने तोंडातून शब्द काढायच्या आत खांद्याच्या वळणावरून त्याला पुढचे कळले आहे.

आपण मात्र कुत्र्याच्या चेहऱ्यावर नसलेलेही वाचतो. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये दाखवले की कुत्र्याचा ‘अपराधी’ चेहरा त्याने केलेल्या चुकीपेक्षा धन्याच्या रागावण्याशी जोडलेला असतो. काहीही खाल्लेले नसताना रागे भरले तरी तो तसाच दिसतो.

माणसांचे चेहरे वाचणे त्याहून अवघड निघाले. डार्विनने १८६७ मध्ये सोळा प्रश्नांची यादी छापून देशोदेशी पाठवली. आश्चर्य वाटले की डोळे विस्फारतात का, लाज वाटली की चेहरा लाल होतो का, असे प्रश्न. त्यातली एक यादी आपल्या अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) अर्स्किन नावाच्या इंग्रज गृहस्थाकडे पोचली. त्याने कळवले की इथले लोक युरोपियनांसमोर भावना दडवून ठेवतात, त्यामुळे खात्रीने काही सांगणे कठीण. साहेबापुढे चेहरा कोरा ठेवण्याची कला आपल्या लोकांना चांगली साधली होती, असे दिसते. डाउनच्या बॉबला ती कधीच जमली नाही.

भुंकण्याकडेही डार्विनचे लक्ष होते. पाळीव कुत्रा निदान चार-पाच वेगवेगळ्या स्वरांत भुंकायला शिकला आहे, असे त्याने नोंदवले. शिकारीच्या मागचे उतावीळ भुंकणे, रागाचे, कोंडून ठेवल्यावरचे हताश, फिरायला निघतानाचे आनंदाचे, दार उघडा म्हणून केलेल्या विनवणीचे. एका कडक उन्हाच्या दिवशी हिरवळीवर उघडी छत्री पडली होती. वाऱ्याच्या झुळकीने ती जराशी हले आणि दर वेळी त्याचा कुत्रा गुरगुरून भुंके. जवळ कोणी माणूस उभा असता तर त्याने तिकडे पाहिलेही नसते. न दिसणारा कोणीतरी परका आपल्या हद्दीत आला आहे, असे त्याला वाटले असावे, हा डार्विनचा तर्क.

कुत्र्याला भावना आहेत आणि तो त्या सांगतो, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न चुकत नाही. त्या काळी शरीरशास्त्राचे प्रयोग जिवंत कुत्र्यांवर होत, आणि भूल देण्याची सक्ती नव्हती. चिरफाड चालू असताना करणाऱ्याचा हात चाटणाऱ्या कुत्र्याची गोष्ट डार्विनने ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये नोंदवली आहे. ज्ञानात खरी भर पडत नसेल तर तो माणूस, काळीज दगडाचे नसल्यास, मरेपर्यंत पश्चात्तापात जळला असला पाहिजे, असे त्याने लिहिले. या विषयावर जास्त लिहिले तर रात्री झोप येणार नाही, असेही एका पत्रात कळवले. तरीही प्रयोगांवर सरसकट बंदी त्याला नको होती. शरीरशास्त्र त्याखेरीज पुढे जाणार नाही आणि रोगांवर उपाय सापडणार नाहीत, हे त्याला कळत होते. १८७५ मध्ये शाही आयोगापुढे साक्ष देताना त्याने दोन्ही गोष्टी सांगितल्या, आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये प्राण्यांवरील प्रयोगांना बंधने घालणारा कायदा झाला. प्राणिप्रेमी आणि शास्त्रज्ञ दोघेही त्यावर पुरते खूश नव्हते. औषधांच्या चाचण्यांबाबत हा पेच अजून सुटलेला नाही; डार्विनने निदान तो सोपा असल्याचे सोंग केले नाही.

शेवटची सोबतीण पॉली, पांढरी खरखरीत केसांची फॉक्स टेरियर. ती मुलगी हेन्रिएटाची. १८७१ मध्ये मुलीचे लग्न झाले आणि पॉली वडिलांची झाली. अभ्यासिकेत सामानाची बांधाबांध दिसली की धनी गावाला निघाला हे ओळखून ती खट्टू होई, आणि परतण्याआधी खोली आवरली जाऊ लागली की हरखून जाई. जेवणाची वाट पाहताना डार्विन जवळून गेला की उपाशी असल्यासारखी थरथरे, आणि तोही दर वेळी तिची उपासमार झाल्याचे कबूल करी. आत घ्या, बाहेर सोडा, अशी तिची दिवसभर मागणी चाले. दर वेळी उठून दार उघडताना तो कधी त्रासला नाही.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन डाउनच्या घरी गेला. गावातल्याच चर्चच्या आवारात आपल्याला पुरतील, असे त्याने धरले होते. पण देशाने त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत नेले. डाउनला पॉली आजारी पडली. थोड्याच दिवसांत तिला मरण द्यावे लागले.