डिस्क ब्रेकचे जनक फ्रेडरिक लँचेस्टर

पावसाळा सुरू झाला की पुण्याहून पिरंगुट, पौड ओलांडून मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे मोटरसायकलस्वारांचे जथे निघतात. कोकणात उतरणाऱ्या त्या ओल्या वळणांवर स्वाराचा जीव पुढच्या चाकावरील एका पोलादी चकतीवर विसंबून असतो. चकती दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवण्याच्या या युक्तीचे पेटंट १९०२ मध्ये घेतले ते फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर या इंग्लिश अभियंत्याने.

लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमध्ये एका वास्तुविशारदाच्या कुटुंबात झाला. साउदम्प्टन आणि लंडन येथे शिक्षण घेऊनही पदवी न मिळवताच त्यांनी बर्मिंगहॅममधील गॅस इंजिनाच्या कारखान्यात नोकरी धरली. १८९५-९६ मध्ये त्यांनी स्वतःच्या आराखड्याची मोटार रस्त्यावर आणली. संपूर्ण ब्रिटिश बनावटीच्या अगदी आरंभीच्या पेट्रोल मोटारींत तिची गणना होते. १८९९ मध्ये बंधूंसह त्यांनी कंपनी स्थापन केली. मुंबईत जन्मलेले साहित्यिक रुडयार्ड किप्लिंग हे तिच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी एक होते. परंतु गाड्यांना मागणी असूनही भांडवल अपुरे पडले आणि १९०४ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली.

डिस्क ब्रेकची कल्पनाही काळाच्या फार पुढे होती. चकतीवर धातूचे पॅड घासले की कर्णकटू किंकाळी उठे आणि त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवरील धुळीने भाग लवकर झिजत. हर्बर्ट फ्रूड यांनी ॲसबेस्टॉसचे अस्तर वापरात आणल्यावर आवाज कमी झाला, पण ॲसबेस्टॉस फुप्फुसांना घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले. तोपर्यंत बाजारपेठ ड्रम ब्रेकने व्यापली होती.

लँचेस्टर यांची बुद्धी एका यंत्रात अडकून राहिली नाही. विमानोड्डाणावरील त्यांचा निबंध १८९७ मध्ये विद्वत्संस्थांनी नाकारला; तरी १९०७ आणि १९०८ मध्ये त्यांनी त्या विषयावर दोन ग्रंथ प्रसिद्ध केले. युद्धातील सैन्यबळाची त्यांनी मांडलेली समीकरणे आजही अभ्यासली जातात. इंजिनाची थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्टही त्यांचाच. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. अखेरची वर्षे मात्र कंपवात, मंदावलेली दृष्टी आणि पैशाची चणचण यांत गेली. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅम येथे त्यांचे निधन झाले.

अवघ्या सात वर्षांनी, १९५३ मध्ये, डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार गाडीने फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. १९६९ मध्ये होंडाच्या सीबी ७५० मोटरसायकलला पुढे डिस्क ब्रेक आला आणि शतकाच्या अखेरीस तो भारतीय मोटरसायकलींवरही दिसू लागला. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएसही सक्तीचे झाले.

मात्र उत्तम ब्रेकही देखभालीवाचून निरुपयोगी ठरतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते व त्याचा उत्कलनबिंदू घटतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की ते तापून उकळते, नळीत बुडबुडे होतात आणि लिव्हर अचानक मऊ पडतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. सहलीपूर्वी पॅडची जाडी, चकतीवरील चरे, नळीची गळती आणि मागचा ब्रेक-लाइट तपासावा. नवे पॅड बसवले असतील तर ते आधी शहरातच रुळू द्यावेत. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, पाण्यातून बाहेर येताच ब्रेक हलकेच दाबून चकती कोरडी करावी आणि पुढच्या स्वारापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर राखावे. जथ्यातील एकाचा ब्रेक निकामी झाला, तर संकट मागेपुढे असलेल्या सर्वांवर येते.