हातातील सुरी आणि हातातील ग्रंथ : आंद्रिआस व्हेसालियस

मानवी शरीररचनाशास्त्राचा आधुनिक पाया ज्याने घातला, तो आंद्रिआस व्हेसालियस ३१ डिसेंबर १५१४ रोजी ब्रुसेल्स येथे जन्मला. वडील सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पदरी औषधे सिद्ध करणारे होते. वैद्यकाच्या शिक्षणासाठी तो पॅरिसला गेला. तेथे त्याला जे पाहावयास मिळाले, त्याने त्याच्या जीवनाची दिशा ठरली.

त्या काळी शवविच्छेदनाची रीत अशी होती : प्राध्यापक उंच आसनावरून गेलेनचा ग्रंथ वाचीत, खाली एखादा न्हावी-शल्यक शव कापी आणि तिसरा कोणी काठीने अवयव दाखवी. ज्याला ग्रंथ येत होता तो शवाला हात लावीत नसे, आणि ज्याचा हात शवात होता त्याला ग्रंथाची लॅटिन भाषा येत नसे. ज्ञान आणि श्रम यांची ही फारकत आपल्या वाचकांना अपरिचित वाटू नये. तिचा परिणाम असा, की ग्रंथातील वाक्य आणि समोरचा अवयव यांचा मेळ बसतो की नाही, हे तपासणारा कोणीच उरला नव्हता.

गेलेन हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य. तो मोठा निरीक्षक होता, यात शंका नाही. परंतु त्याने विच्छेदन केले ते प्रामुख्याने माकडे, डुकरे व गुरे यांचे. पुढील तेराशे वर्षे तेच वर्णन माणसाचे म्हणून शिकविले गेले.

व्हेसालियसने सुरी स्वतःच्या हाती घेतली. १५३६ मध्ये लुव्हेन नगराबाहेरील वधस्तंभावर लटकणाऱ्या एका गुन्हेगाराची हाडे त्याने चोरून घरी नेली आणि त्यांचा सांगाडा जुळविला; विचारणाऱ्यांना तो पॅरिसहून आणल्याचे सांगितले. मृतदेह मिळविण्याचे त्याचे मार्ग नेहमीच निर्दोष नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. डिसेंबर १५३७ मध्ये पाडुआ विद्यापीठाने त्याला पदवी दिली आणि दुसऱ्याच दिवशी अध्यापकपदी नेमले. तेव्हा त्याला तेविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

तरीही ग्रंथाचा पगडा त्याच्याही डोळ्यांवर होता. १५३८ साली त्याने विद्यार्थ्यांसाठी सहा तक्ते छापले. त्यांत पाच खंडांचे यकृत आहे, आणि मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे ते अद्भुत जाळेही आहे, जे गुराढोरांत असते, माणसांत नसते. विच्छेदनाच्या वेळी हे जाळे दाखविण्यासाठी तो कोकराचे किंवा बैलाचे डोके जवळ ठेवीत असे. पुढे आपल्या ग्रंथात त्याने ही गोष्ट स्वतःच कबूल केली. मला त्याच्या चरित्रातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दुसऱ्याची चूक दाखविणारे विद्वान पुष्कळ असतात.

१५४३ मध्ये बाझेल येथे ओपोरिनसच्या छापखान्यातून मानवी शरीराच्या रचनेवरील त्याचा सात भागांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कोपर्निकसचाही ग्रंथ निघाला. खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकाच हाडाचा आहे, उरोस्थी सात नव्हे तर तीन भागांची आहे, स्त्री आणि पुरुष यांच्या बरगड्यांची संख्या सारखीच असते, हे त्यात हाडे पुढे ठेवून सिद्ध केले होते. हृदयाच्या उजव्या-डाव्या कप्प्यांमधील पडद्यातून रक्त झिरपते, असे गेलेनचे मत होते. पडद्यात छिद्रे तर दिसत नव्हती. प्रथम त्याने केवळ आश्चर्य व्यक्त केले. १५५५ च्या आवृत्तीत मात्र शंका स्पष्टपणे मांडली. याच पाडुआत पुढे शिकलेल्या विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा उलगडा केला.

पॅरिसचे त्याचे जुने गुरू सिल्व्हियस यांनी त्याला वेडा ठरविले. गेलेन चुकणे अशक्य. बदलले असेल ते माणसाचे शरीर, असा त्यांचा पक्ष होता!

ग्रंथानंतर व्हेसालियसने आपली बरीच टिपणे जाळली आणि तो सम्राटाचा राजवैद्य झाला. पुढे स्पेनमध्ये असताना पाडुआच्याच फॅलोपिओचा १५६१ मध्ये निघालेला ग्रंथ त्याच्या हाती पडला. त्यात अत्यंत आदरपूर्वक व्हेसालियसच्याच चुका दाखविल्या होत्या. त्याने सविस्तर उत्तर लिहिले, परंतु ते पोहोचण्यापूर्वीच, १५६२ मध्ये, फॅलोपिओ निवर्तला. १५६४ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना व्हेसालियस ग्रीसजवळील झांते बेटावर मृत्यू पावला. तेव्हा त्याचे वय ४९ वर्षांचे होते. त्याच वर्षी ते उत्तर व्हेनिसला छापले गेले.