विश्लेषण : दीर्घिकांच्या टकरीतला अदृश्य भिडू आणि त्याचा हिशेब मांडणारे फ्रिट्झ झ्विकी

दोन दीर्घिका जवळ आल्या की एकमेकींना ओलांडून निघून का जात नाहीत? अनेकदा त्या एकमेकींत विलीन होतात. यात मोठा वाटा न दिसणाऱ्या डार्क मॅटरचा म्हणजेच कृष्ण पदार्थाचा असतो. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्येच त्याचा हिशेब मांडला होता, पण पुढची सुमारे ४० वर्षे तो बाजूलाच पडला.

कोण होते झ्विकी?

जन्म १८९८ चा, बल्गेरियातील वार्ना शहरातला. वडील स्विस. सहाव्या वर्षी त्यांना स्वित्झर्लंडमधील ग्लारुसला आजी-आजोबांकडे पाठवण्यात आले. झुरिकमध्ये शिक्षण आणि १९२५ पासून अमेरिकेतील कॅल्टेक.

काय सापडले?

कोमा दीर्घिकासमूहातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या जोरावर हा समूह एकत्र राहणेच अशक्य होते. झ्विकी यांनी दिसते त्याच्या सुमारे ४०० पट वस्तुमान हवे, असे गणित मांडले. हा आकडा फुगलेला होता, कारण तेव्हाचा हबल स्थिरांक आजच्यापेक्षा सात-आठ पट मोठा धरला जाई. निष्कर्ष मात्र टिकला.

मग दुर्लक्ष का?

त्यांच्या भांडखोर स्वभावाकडे बोट दाखवले जाते. सहकाऱ्यांशी त्यांचे खटके उडत, हे खरे. पण सगळे खापर स्वभावावर फोडणे सोपे आहे. मोजलेले वेग मोजक्याच दीर्घिकांचे होते, हेही विसरू नये.

विलीनीकरणाशी संबंध काय?

दीर्घिकांना जोडणारे ताऱ्यांचे पूल आणि शेपट्या गुरुत्वीय ओढीतून तयार होतात, असे झ्विकी १९५० च्या दशकात सांगत होते. आज माहीत आहे, की प्रत्येक मोठी दीर्घिका कृष्ण पदार्थाच्या प्रचंड वलयात बसलेली असते. दुसरी दीर्घिका या वलयात शिरली, की तिच्या मागे कृष्ण पदार्थ गोळा होतो आणि तिला मागे खेचतो. तिची ऊर्जा वलयात जाते, वेग घटतो आणि ती केंद्राकडे बुडत जाते. या ‘गतिकीय घर्षणा’चे गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये ताऱ्यांसाठी मांडले होते.

२००६ मध्ये ‘बुलेट क्लस्टर’ या टकरीत वायू मागे रेंगाळलेला, तर बहुतांश वस्तुमान पुढे गेलेले दिसले. हे वस्तुमान ज्या गुरुत्वीय भिंगाने मोजले, ती पद्धत झ्विकी यांनीच १९३७ मध्ये सुचवली होती.

८ फेब्रुवारी १९७४ रोजी पासाडेना येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, काही महिन्यांनी, दीर्घिकांभोवती प्रचंड अदृश्य वस्तुमान असल्याचे सांगणारे दोन स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध झाले.