लिंबूवाला डॉक्टर : जेम्स लिंड

आपल्याला पास व्हायला १०० पैकी ४० मार्क लागतात. ३८-३९ वर अडकलेल्याची काय अवस्था होते ते हॉस्टेलवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पण ८५ मार्क मिळवून नापास झालेलं कोणी ऐकलंय? असं होतं. माणसांच्या नाही, जहाजांच्या बाबतीत.

अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी क्रूझ जहाजांची आरोग्य तपासणी करण्याची एक योजना तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने १९७५ साली सुरू केली. इन्स्पेक्टर आधी न कळवता जहाजावर चढतो. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन किती, फ्रिजचं तापमान किती, भटारखान्यात झुरळं आहेत का, वाढणारे हात धुतात का, पोहण्याच्या तलावाचं पाणी कसं आहे, जुलाब-उलट्या झालेल्यांची नोंदवही नीट लिहिली आहे का, असं सगळं बघून तो १०० पैकी मार्क देतो. ८६ ला पास. ८५ म्हणजे फेल, आणि निकाल जगजाहीर! (हीच पद्धत आपल्या मेसला लावली तर... असो.)

हे वाचताना मनात आलं की जहाजावर चढणाऱ्याच्या अंगावर काय आहे, पाणी कुठलं, खाणं कसलं, हे तपासून घ्यावं असं पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं असेल? अशा गोष्टीचं श्रेय एकाच माणसाला देता येत नाही. पण शोधत गेलं की एक नाव सारखं समोर येतं, ते म्हणजे जेम्स लिंड. शाळेच्या पुस्तकात आपल्याला तो एका ओळीत भेटला होता. स्कर्व्ही, लिंबू, संपलं. ती ओळ खोटी नाही, पण अर्धी आहे.

लिंडचा जन्म १७१६ सालचा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा. घर व्यापाऱ्याचं. पंधराव्या वर्षी तो गावातल्या एका सर्जनकडे उमेदवारीला लागला. १७३९ मध्ये ब्रिटिश आरमारात सर्जनचा मदतनीस म्हणून भरती झाला. भूमध्य समुद्र, आफ्रिकेचा पश्चिम किनारा, वेस्ट इंडीज असं करत सात-आठ वर्षं त्याने जहाजांवर काढली.

त्या काळचं लढाऊ जहाज म्हणजे आपल्या हॉस्टेलमधल्या सगळ्यात गलिच्छ रूमचा आजोबा समजा. झोळी टांगायला माणशी १४ इंच रुंदीची जागा. समुद्र खवळला की खिडक्या बंद, म्हणजे हवाही बंद. तळाशी साचलेलं घाण पाणी, लाकडाच्या पिंपात ठेवून हिरवं पडलेलं प्यायचं पाणी, खारवलेलं मांस आणि किड्यांनी पोखरलेली बिस्किटं. त्यात भरतीची तऱ्हा अशी, की माणसं कमी पडली की रस्त्यावरून धरून आणायची, नाहीतर तुरुंगातून उचलायची. जो ज्या कपड्यात सापडला तो त्याच कपड्यात जहाजावर.

आणि स्कर्व्ही. महिना-दीड महिना ताजं काही पोटात गेलं नाही की माणूस आधी सुस्त व्हायचा. मग हिरड्या सुजून काळ्या पडायच्या, दात हलायचे, पायांवर निळेजांभळे डाग यायचे, वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा परत उघडायच्या. १७४० मध्ये जॉर्ज अँसन हा अधिकारी जहाजांचा ताफा घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. निघताना सुमारे १,९०० माणसं होती. १७४४ मध्ये तो परत आला तेव्हा त्यातली १,४०० च्या आसपास मेलेली होती, आणि शत्रूच्या हातून मेलेले त्यात अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांचा बळी घेतला रोगांनी, त्यातही मुख्यतः स्कर्व्हीने. एवढं होऊनही अँसन राष्ट्रीय हिरो ठरला, कारण त्याने खजिन्याने भरलेलं एक स्पॅनिश जहाज पकडून आणलं होतं.

स्कर्व्हीवर उपाय नव्हते असं नाही, उलट भरमसाट होते. लिंबू-संत्र्याने गुण येतो हे खलाशांना शंभर-दीडशे वर्षं माहीत होतं. पण व्हिनेगरनेही येतो, समुद्राचं पाणी प्यायल्यानेही येतो, सल्फ्युरिक आम्लानेही येतो असं सांगणारे तेवढेच होते. प्रत्येकाकडे स्वतःचा एखादा बरा झालेला पेशंट होता. आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री प्रत्येक सीनियरकडे स्वतःचे आयएमपी प्रश्न असतात ना, तसंच.

लिंडने काय केलं ते इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने जरा थांबून वाचावं.

१७४७ मध्ये तो सॅलिसबरी नावाच्या जहाजावर सर्जन होता. २० मे रोजी त्याने स्कर्व्हीचे १२ रोगी निवडले, शक्य तितके सारख्या अवस्थेतले. सगळ्यांना एकाच ठिकाणी झोपवलं. सगळ्यांचं रोजचं खाणं एकच ठेवलं, म्हणजे सकाळी गोड पेज, दुपारी मटणाचा रस्सा, रात्री बार्ली, भात, मनुका असलं काहीतरी. मग त्यांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या पाडल्या. एका जोडीला रोज सफरचंदाची आंबवलेली दारू. दुसरीला सल्फ्युरिक आम्लाचं औषध, २५ थेंब दिवसातून तीनदा (हो, आपल्या केमिस्ट्री लॅबमधलंच, पातळ केलेलं). तिसरीला व्हिनेगर. चौथीला रोज पावशेरभर समुद्राचं पाणी. ही सर्वांत आजारी जोडी होती बिचारी. पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहावीला लसूण, मोहरी वगैरे वाटून केलेला जायफळाएवढा गोळा.

संत्री-लिंबं सहाव्या दिवशी संपली. पण तोपर्यंत पाचव्या जोडीतला एक जण कामावर रुजू व्हायच्या अवस्थेत आला होता. दुसरा इतका सुधारला होता की बाकीच्या आजाऱ्यांची शुश्रूषा करायला त्यालाच नेमलं. सफरचंदाच्या दारूवाले थोडे बरे. उरलेले होते तिथेच.

बाराच माणसं आणि सहाच दिवस, पण बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं, हे औषधांच्या बाबतीत इतक्या नीटपणे केल्याचं फारसं दिसत नाही. आपण प्रत्येक प्रॅक्टिकलला हेच करतो. निदान जर्नलमध्ये तरी तसं लिहितो!

आता पुढचा भाग, जो शाळेच्या पुस्तकात नाही. उत्तर हातात आलं होतं १७४७ साली. आरमाराने सरसकट लिंबाचा रस द्यायचं ठरवलं १७९५ साली. मधल्या ४८ वर्षांत स्कर्व्हीने किती खलाशी गेले याचा हिशोब हजारोंत जातो. सगळा दोष सरकारी खात्यावर टाकून मोकळं होण्याची आपली सवय आहे, आणि इथे खात्याचा दोष होताच. पण काही वाटा खुद्द लिंडचाही आहे.

१७४८ मध्ये त्याने आरमार सोडलं, एडिंबरोला एम.डी. केलं, प्रॅक्टिस सुरू केली. स्कर्व्हीवरचा जाडजूड ग्रंथ आला १७५३ मध्ये, आणि तो त्याने अर्पण केला त्याच अँसनला. चारशेच्या वर पानं, त्यात हा प्रयोग काही परिच्छेदांत उरकलेला. कारण लिंडच्या मते स्कर्व्ही काही खाण्याची गोष्ट कमी पडल्याने होत नव्हती. दमट हवेने घाम अडतो, शरीरात सडण्याची क्रिया सुरू होते, अशी त्याची थिअरी होती. त्या थिअरीत संत्रं हे इतर औषधांसारखंच एक औषध, फार तर सर्वांत चांगलं.

शिवाय प्रश्न साठवणीचा. ताजी लिंबं महिनोन् महिने टिकवणार कशी? लिंडने उपाय काढला. रस गाळायचा, भांडं जवळजवळ उकळत्या पाण्यात ठेवून तासन् तास आटवायचा, काकवीसारखा घट्ट झाला की बाटलीत भरायचा. याला रॉब म्हणत. दिसायला झकास, जागा कमी खाणारा आणि वर्षानुवर्षं टिकणारा. क जीवनसत्त्व मात्र उष्णतेने आणि हवेने नष्ट होतं. ते ओळखलं गेलं १९३२ साली, तेव्हा लिंडला हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण पुन्हा बारा रोगी घेऊन सहा जणांना ताजा रस आणि सहा जणांना रॉब देऊन बघणं त्याला शक्य होतं. ज्याने जगाला तुलना करून बघायला शिकवलं, त्याने स्वतःच्या मालाची तुलना केली नाही. खात्याने रॉब जहाजांवर पाठवला, कॅप्टन कुकलाही दिला. गुण येईना. मग लिंबावरचाच विश्वास उडाला. कुकने १७७६ च्या सुमारास मोड आलेल्या बार्लीच्या अर्काची तारीफ केली आणि लिंबू आणखी मागे पडलं. मला तरी या गोष्टीतला हा भाग सर्वांत जास्त लागतो.

१७५८ मध्ये लिंड पोर्ट्समथजवळच्या हॅसलर इथल्या आरमारी हॉस्पिटलचा मुख्य डॉक्टर झाला. प्रचंड विटांची इमारत, दोन हजारांच्या घरात रोगी. पहिल्या दोन वर्षांतच स्कर्व्हीचे हजाराहून जास्त रोगी त्याच्या हाताखालून गेले. त्यांच्याइतकाच मोठा लोंढा होता तापाच्या रोग्यांचा. जहाजताप म्हणा, तुरुंगताप म्हणा, आज आपण त्याला टायफस म्हणतो. तो उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोलने १९०९ मध्ये दाखवलं. लिंडला ऊ सापडली नाही. पण त्याच्या एक लक्षात आलं, की हा ताप जहाजात आपोआप उगवत नाही. धरून आणलेल्या माणसांबरोबर, त्यांच्या चिंध्यांबरोबर तो चढतो.

म्हणून १७५७ मध्ये खलाशांच्या आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तकात आणि नंतरही त्याने एकच गोष्ट लावून धरली. नवीन माणूस थेट ताफ्यात पाठवू नका. आधी एका वेगळ्या जहाजावर ठेवा, डॉक्टरने बघू दे, साबणाने आंघोळ घाला, कपडे काढून घ्या, भट्टीत तापवा किंवा जाळून टाका, स्वच्छ कपडे द्या आणि ताप नाही याची खात्री झाली की मगच पाठवा. हॅसलरमध्येही आलेला रोगी आधी टबात, मग खाटेवर. घाणेरड्या हवेने रोग होतो हीच त्याची समजूत होती, म्हणजे थिअरी इथेही चुकलेलीच. पण इथे तो रोज वॉर्डात फिरून काय होतंय ते डोळ्यांनी बघत होता, आणि त्याने सांगितलेली व्यवस्था बरोबर निघाली. उशिरा का होईना, आरमाराने ती हळूहळू उचलली. आज जहाजांना सॅनिटेशनचं प्रमाणपत्र लागतं, दर सहा महिन्यांनी नवं. आपल्या मुंबई बंदरातही आरोग्य अधिकारी ते देण्यासाठी जहाजावर चढतात. आपल्यातले जे मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतायत त्यांची या कागदाशी गाठ पडणारच.

पाण्याचीही एक गोष्ट आहे, खास मेकॅनिकलवाल्यांसाठी. समुद्राच्या पाण्याची वाफ गोळा केली तर ते पाणी गोडं असतं, त्यात खडू, हाडांची राख असलं काही घालायची गरज नाही, हे लिंडने १७६० च्या सुमारास करून दाखवलं आणि ते रॉयल सोसायटीपुढे वाचलं गेलं. दहा वर्षांनी, १७७२ मध्ये, चार्ल्स अर्व्हिंग नावाच्या दुसऱ्याच सर्जनला जवळपास याच युक्तीसाठी पार्लमेंटने ५,००० पौंडांचं बक्षीस दिलं. सीनियरचं प्रोजेक्ट, ज्युनियरला पहिला नंबर! आजच्या क्रूझवर हजारो लोक ज्या पाण्याने आंघोळ करतात त्यातलं बरंचसं समुद्राच्याच पाण्यापासून जहाजावर तयार केलेलं असतं, आणि इन्स्पेक्टर त्यातलं क्लोरीन मोजत असतो.

स्कर्व्हीच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती १७७२ मध्ये निघाली. तीत लिंडचा सूर आधीपेक्षा अधिक साशंक आहे. इतके रोगी बघूनही रोगाचं मूळ हाती लागलं नाही, याची खंत लपत नाही. १७८३ मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याचा मुलगा जॉन त्या जागेवर आला.

शेवटी हा प्रश्न पुढे रेटला गिल्बर्ट ब्लेन या दुसऱ्या स्कॉटिश डॉक्टरने. त्याची वरपर्यंत ओळख होती आणि मोठ्या लोकांत उठबस होती. लिंडकडे ते कधीच नव्हतं. १७९४ मध्ये सफोक हे जहाज इंग्लंडहून मद्रासला निघालं. वाटेत कुठेही न थांबता २३ आठवडे. प्रत्येक खलाशाला रोजच्या दारूत थोडासा लिंबाचा रस आणि साखर मिसळून दिली जात होती. रस न आटवलेला. काही जणांना स्कर्व्हीची लक्षणं दिसली, त्यांचा रस वाढवला, ते बरे झाले. स्कर्व्हीने एकही माणूस गेला नाही. पुढच्या वर्षी आरमाराने हा रस सगळ्या ताफ्यासाठी मंजूर केला.

लिंड जुलै १७९४ मध्ये वारला. सफोक तेव्हा अजून वाटेत होतं.