विश्लेषण : सिद्धगडच्या जंगलात १९४३ मध्ये काय घडले? भाई कोतवाल आणि त्यांच्या पिढीला कोणत्या उलथापालथीने घडवले?

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या पायथ्याशी दरवर्षी २ जानेवारीला लोक जमतात. याच जंगलात १९४३ मध्ये भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. विजेचे मनोरे पाडणारे क्रांतिकारक ही कोतवालांची ओळख अनेकांना आहे. मात्र त्याआधी ते शेतकऱ्यांच्या कणगीतील भाताचा हिशेब मांडत होते. ही दोन्ही कामे समजून घेतली, की शहापूर, मुरबाड आणि कर्जत पट्ट्यातील आजी-आजोबांची पिढी कशातून गेली, तेही कळते.

भाई कोतवाल कोण होते?

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान हे इंग्रज अधिकारी आणि मुंबईतील धनिकांचे थंड हवेचे ठिकाण. पाहुण्यांचा हंगाम संपला की कष्टकऱ्यांची कमाई आटे. अशा घरातला मुलगा पुण्यात शिकला, पुढे वकील झाला. तरीही तो आपल्या डोंगराकडे परतला. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद त्यांनी सांभाळले आणि आसपासच्या गावांत, वाड्यांत स्वयंसेवी शाळा सुरू केल्या. पुढे भूमिगत लढ्यात त्यांच्यासोबत उतरलेल्यांमध्ये शेतकऱ्यांबरोबर याच शाळांचे शिक्षकही होते.

धान्यकोठीची गरज का पडली?

या भागातील मुख्य पीक एकच, ते म्हणजे पावसाळी भात. कापणी झाली की जमीनमालकाचा खंड आणि सावकाराची फेड खळ्यावरच चुकती व्हायची. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होई. ऐन लावणीच्या दिवसांत पोटाला आणि बियाण्याला भात हवा म्हणून सावकाराकडून खावटी काढावी लागे. मणाला सव्वा किंवा दीड मण परतफेड, म्हणजे सवाई-दिढी, हा रिवाज होता. म्हणजे पीक चांगले आले तरी कर्ज फिटत नसे.

कोतवालांनी यावर धान्यकोठीचा उपाय काढला. सुगीला शेतकऱ्यांनी भात एकत्र साठवायचे आणि अडचणीच्या दिवसांत गरजूंना ते सावकारी व्याजाविना मिळेल अशी सोय करायची. यात ना मोर्चा होता ना घोषणा, पण सावकाराच्या वर्चस्वाला थेट धक्का होता.

१९४२ मध्ये काय बदलले?

मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. मुंबई इलाखा या तांदळावर बराच अवलंबून होता. युद्धामुळे महागाई आणि टंचाई वाढली. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू करावे लागले. दरम्यान, ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच प्रमुख नेते पकडले गेले. गावोगावच्या कार्यकर्त्यांना वरून आदेश देणारे कोणी उरले नाही. कोतवाल भूमिगत झाले आणि ‘आझाद दस्ता’ उभा राहिला.

विजेचे मनोरेच का पाडले?

खोपोली आणि भिवपुरी येथील जलविद्युत केंद्रांची वीज डोंगरांवरून, शेतांवरून मुंबईला जात असे. त्यावर कापडगिरण्या आणि विजेच्या रेल्वेगाड्या चालत. शहापूर तालुक्यातील तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जात होते. वीज आणि पाणी शहराला मिळत होते, तर बहुतेक पाड्यांमध्ये रॉकेलच्या चिमणीचाच उजेड होता. युद्धकाळात मुंबईचे कारखाने आणि रेल्वे सरकारसाठी कळीचे होते. त्यामुळे हे मनोरे पाडणे म्हणजे युद्धयंत्रणेची नस दाबणे होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने ११ मनोरे पाडल्याची नोंद आहे. सरकारने कोतवालांना पकडण्यासाठी इनाम लावले.

सिद्धगडावर काय झाले?

पोलिसांचा दबाव वाढल्यावर दस्त्याने सिद्धगडच्या दाट जंगलाचा आसरा घेतला. गड तीन हजार फुटांहून उंच, एका बाजूला भीमाशंकरचे रान, दुसऱ्या बाजूला कोकणात उतरणारे कडे. कर्जत तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, तर मुरबाड ठाणे जिल्ह्यात होते. पोलिसांना ठावठिकाणा लागला आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे त्यांनी तळ गाठला. गोळीबारात मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल यांचा मृत्यू झाला. कोतवालांना तिसावे वर्ष पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता.

मागे राहिलेल्या पिढीचे काय झाले?

कोतवाल गेले, पण भाताचा आणि जमिनीचा प्रश्न उरलाच. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद झाली. त्यानंतर ठाणे जिल्ह्यात वेठबिगारीविरोधात वारल्यांचा मोठा उठाव झाला. १९४८ मध्ये कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळू लागली. ज्यांच्या कुळवहिवाटीची कागदावर नोंद नव्हती, अशी अनेक कुटुंबे मात्र मागे राहिली.

१९४२ मध्ये दहा-बारा वर्षांची असलेली मुले कुळकायदा प्रत्यक्ष लागू झाला तेव्हा घरचे कर्ते झाली होती. त्यांनी घरातील कणगी रिकामी झालेली पाहिली होती आणि सातबाऱ्यावर नाव लागणे म्हणजे काय, तेही अनुभवले होते. पुढच्या पिढीला धान्य जपून वापरा, कर्ज काढू नका, कागद सांभाळा आणि शाळा सोडू नका असे बजावणाऱ्या आई-बापांच्या आग्रहामागे हा काळ होता.

पावसाळ्यातील खावटीची गरज स्वातंत्र्यानंतरही संपली नाही. १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत सरकारलाच खावटी कर्ज योजना राबवावी लागली. कोतवालांनी धान्यकोठीतून ज्या प्रश्नाला हात घातला होता, तो त्यांच्यानंतर किती वर्षे शिल्लक राहिला, हे यावरून दिसते.